कळत्या वयाची गोष्ट पडद्यावर: स्वतःच्या कादंबरीची पटकथा स्वतः लिहिताना

‘तेव्हा कळलं नाही, पण आज वाटतं…’ अशा अर्थाचं वाक्य कुमारवयावरच्या कादंबरीत दर चार-सहा पानांनी येतंच. पुस्तकाची निम्मी गोडी त्यात असते, कारण गोष्ट घडते चौदाव्या वर्षी आणि सांगणारा असतो चाळिशीतला. आपल्याकडे ही जुनी सवय आहे. ‘श्यामची आई’मध्ये आठवणी लहानपणच्या आहेत, पण त्या सांगतो आश्रमात मित्रांमध्ये बसलेला मोठा श्याम, ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ करत. कॅमेऱ्याला मात्र ‘आज वाटतं’ हा काळ येत नाही. त्याच्यासमोर चौदा वर्षांचा मुलगा उभा असतो, आणि त्या मुलाला त्या क्षणी जेवढं कळतं तेवढंच.

लेखक स्वतःच्या पुस्तकाची पटकथा लिहायला बसतो तेव्हा तो अडतो इथे. ‘माझं हे प्रकरण कापू नका’ हे दुखणं त्यापुढे किरकोळ म्हणायचं. खालची सगळी कामं या एका अडचणीभोवती फिरतात. फक्त पहिलं काम तेवढं कागदपत्रांचं आहे, आणि ते टाळलं तर पुढचं सगळं वाया जाऊ शकतं.

लेखणीआधी करार

प्रकाशकाशी केलेला करार शोधून काढा. त्यात ‘सर्व हक्क’ असा मोघम शब्द असेल तर चित्रपटाचे हक्क कुणाकडे आहेत हे आधी लेखी स्पष्ट करून घ्या. कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम १९ इथे कामाला येतं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचं धरलं जातं, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. ज्याला हक्क दिले त्याने ते वर्षभरात वापरले नाहीत तर, करारात वेगळं काही ठरलेलं नसल्यास, ते हक्क संपतात.

निर्मात्याशी दोन वेगळे करार करा: एक पुस्तकाच्या हक्कांचा, दुसरा पटकथा लिहिण्याच्या कामाचा. हमखास होणारी चूक म्हणजे दोन्हींचा मिळून एकच कागद आणि एकच रक्कम. मग पहिला खर्डा आवडला नाही म्हणून तुम्हाला बाजूला केलं की पुस्तकही हातचं जातं आणि पटकथेचं कामही. हक्कांसाठी आधी वर्ष-दीड वर्षाचा ऑप्शन करार करणं बरं. तेवढ्या काळात निर्माता पैसा उभा करतो, आणि जमलं नाही तर पुस्तक मोकळं होतं. पटकथेच्या करारात टप्पे मोजून लिहा: ट्रीटमेंट (संवादांआधीचा गोष्टीचा सविस्तर आराखडा), पहिला खर्डा, दोन फेरलेखनं, शेवटचा हात. प्रत्येक टप्प्याला हप्ता ठरवा. ‘निर्मात्याचं समाधान होईपर्यंत’ हे शब्द दिसले तर तिथेच थांबा.

श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन वेगळी श्रेयं आपल्याकडे असतात. तिन्हींचा उल्लेख करारात हवा. २०१२च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा लेखकाला सोडून देता येत नाही, त्यामुळे तो सोडल्याचं कलम करारात असलं तर ते तिथे असूच नये. पटकथेचा प्रत्येक महत्त्वाचा खर्डा मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंदवून ठेवा. ही नोंदणी तारखेचा पुरावा असते. कॉपीराइट त्याआधीच, लिहिल्याबरोबर, तुमचा झालेला असतो.

बालपणावरच्या पुस्तकांना आणखी दोन खाचखळगे असतात. एक, खरी माणसं. गणिताचे मास्तर, वाड्यातली विधवा, बहिणीला चिठ्ठ्या पाठवणारा मुलगा हे पुस्तकात खपून गेले असतील, कारण पुस्तक गावात चारजणांनी वाचलं. सिनेमा सगळा गाव बघतो. नुसतं नाव बदलून भागत नाही. धंदा, घर, शरीरयष्टी आणि नातं यांतल्या किमान दोन गोष्टी बदला.

दुसरा खळगा कविता आणि गाण्यांचा. शाळेतल्या गोष्टीत कविता येणारच. बालकवी १९१८ साली गेले, त्यांची कविता खुशाल वापरा. कुसुमाग्रज १९९९ साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं मोजायची, म्हणजे त्यांच्या कवितेसाठी २०५९ अखेरपर्यंत परवानगी लागेल. रेडिओवरच्या जुन्या गाण्याचे हक्क म्युझिक कंपनीकडे असतात आणि छोट्या चित्रपटाच्या बजेटला ते झेपत नाहीत. म्हणून प्रसंग असा लिहा की त्या काळातलं दुसरं गाणंही चालून जावं. स्टीफन चबॉस्की यांच्या ‘द पर्क्स ऑफ बीइंग अ वॉलफ्लॉवर’ या कादंबरीत बोगद्यातून गाडी जाते तेव्हा फ्लीटवुड मॅकचं गाणं आहे, आणि त्यांनीच लिहून दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात डेव्हिड बोवीचं. प्रसंग गाण्यावर टेकलेला नव्हता. उघड्या गाडीतलं वारं, वेग आणि ‘आपण इथे आहोत’ ही जाणीव यांवर तो उभा होता, म्हणून ही अदलाबदल पचली.

पुस्तक कपाटात ठेवा, पंधरा दिवस

हे शब्दशः करा. पुस्तक न उघडता, आठवेल तसे प्रसंग कागदावर उतरवा. रोज अर्धा तास पुरे. प्रत्येक प्रसंगाला एक कार्ड, आणि त्यावर फक्त जे दिसतं ते लिहायचं: कोण, कुठे, हातात काय, काय घडलं. भावना लिहायच्या नाहीत. पंधरा दिवसांत पंचवीस-तीस कार्डं झाली तर उत्तम. तुमच्या चित्रपटाचा कणा याच कार्डांत असतो. जे प्रकरण तुम्हाला स्वतःलाच पुस्तक उघडल्याशिवाय आठवलं नाही, ते प्रेक्षकाला घरी जाताना आठवणार नाही. मग त्या प्रकरणाचं कितीही कौतुक झालेलं असो.

यानंतर पुस्तक उघडा आणि तीन रंगांची पेन्सिल घ्या. दिसतं ते हिरवं, बोललं जातं ते निळं, मनात चालतं किंवा मागाहून उमजतं ते लाल. अडीचशे पानांच्या मराठी कुमारकादंबरीत लाल रंग निम्म्याहून जास्त निघाला तर घाबरू नका, तसं होतंच. घाबरायचं ते पुढच्या मोहाला. लाल मजकूर निळा करण्याचा, म्हणजे मनातलं संवादात घालण्याचा मोह प्रत्येक लेखकाला होतो. त्यातूनच ‘ऐकणारा मित्र’ नावाचं पात्र जन्माला येतं, ज्याला स्वतःचं काहीच काम नसतं आणि जो दर दहा मिनिटांनी नायकाजवळ बसून ‘काय रे, काय झालं?’ विचारतो. पहिल्या खर्ड्यात असा मित्र सापडला तर त्याला काढा, आणि त्याच्यामुळे जे प्रसंग कोसळतात ते नव्याने लिहा.

कळण्याचा तक्ता

संपूर्ण कामातला सगळ्यात उपयोगी कागद हाच. जास्त वेळ इथे द्या, तीन आठवडे लागले तरी चालतील. मोठा कागद घ्या आणि प्रत्येक प्रसंगासाठी चार रकाने आखा. खरं काय घडतंय? मुलाला काय कळतंय? प्रेक्षकाला काय कळतंय? आणि हे कशातून दिसतंय, म्हणजे कोणती वस्तू, कोणती हालचाल, कोणतं न बोलणं?

तिसरा रकाना भरताना एक निर्णय आपोआप समोर येतो. प्रेक्षक मुलाच्या पुढे आहे, बरोबर आहे, की मागे? कादंबरीत हा प्रश्न मोठा निवेदक सोडवतो. चित्रपटात तो तुम्हाला सोडवावा लागतो, आणि स्वतःचं पुस्तक पडद्यावर नेणाऱ्यांनी तो वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे.

सत्यजित राय यांची ‘सोनार केल्ला’ ही गुप्तहेर फेलुदाची कथा त्याचा पोरसवदा चुलतभाऊ तोपशे सांगतो. पुस्तकात गुन्हेगार कोण हे शेवटापर्यंत झाकलेलं आहे. १९७४ साली राय यांनी स्वतः चित्रपट केला तेव्हा खलनायक त्यांनी सुरुवातीच्या भागातच उघड करून टाकले. प्रेक्षक मुलांच्या पुढे गेला. ‘कोण?’ हा प्रश्न संपला आणि ‘आता गुन्हेगारांच्या हाती सापडलेल्या लहानग्या मुकुलचं काय होणार?’ हा सुरू झाला. आपल्याच रहस्यकथेतलं रहस्य काढून टाकायला छाती लागते, पण लहान मूल अडचणीत असताना ही युक्ती जवळपास नेहमी चालते.

एमा डोनाह्यू यांची ‘रूम’ पाच वर्षांच्या जॅकच्या तोंडून सांगितलेली आहे. तिथे वाचकही त्याच्या पुढेच असतो, कारण बंद खोली म्हणजेच जग असं मानणाऱ्या मुलाच्या भाषेतून आपण खरी परिस्थिती ओळखतो. ती भाषा पडद्यावर तशीच आणता येत नाही. २०१५च्या चित्रपटाची पटकथा त्यांनीच लिहिली. जॅकचं निवेदन त्यात थोडक्यात आहे, बाकी भार आईच्या चेहऱ्यावर आणि त्या खोलीतल्या वस्तूंवर टाकलेला आहे.

चबॉस्की यांनी उलट केलं. त्यांचा चार्ली स्वतःपासूनच काहीतरी लपवतो, म्हणून प्रेक्षकालाही मागे ठेवलं आहे. मावशीच्या आठवणींचे तुकडे मध्येमध्ये दिसतात, अर्थ उशिरा लागतो. ही तऱ्हा अवघड आहे. लपवलेली गोष्ट आणि मुलाचं आधीचं वागणं दुसऱ्यांदा पाहताना तंतोतंत जुळलं पाहिजे, नाहीतर फसवल्यासारखं वाटतं.

मार्जान सत्रापी यांनी ‘पर्सेपोलिस’मध्ये मोठ्या निवेदिकेला बाहेर काढलंच नाही, तिला जागा दिली. २००७च्या या अॅनिमेशनपटात मोठी मार्जान पॅरिसच्या विमानतळावर बसलेली आहे, तो वर्तमान रंगीत आहे, आणि तेहरानचं बालपण काळं-पांढरं. मागे वळून पाहणं हे मुळातच तुमच्या गोष्टीचा विषय असेल तर ही वाट घ्या. नसेल तर ‘वृद्ध लेखक जुना ट्रंक उघडतो’ हा प्रसंग सुरुवातीला घालू नका. तो लिहायला सोपा आहे, आणि प्रेक्षकाची पहिली पाच मिनिटं त्यात जातात.

तक्त्यात एखाद्या ओळीचा चौथा रकाना कोरा राहिला, म्हणजे वस्तू किंवा हालचाल सापडलीच नाही, तर तो प्रसंग अजून सिनेमाचा झालेला नाही. तो मनातच आहे.

एक परिच्छेद, एक सीन

समजा कादंबरीत असा मजकूर आहे: ‘बाबांना एसटीतून निलंबित केल्याचं मला कळलं होतं. तरी ते रोज पहाटे गणवेश घालून निघत. मोठी माणसंही घाबरतात हे मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं, आणि त्यांची भीती झाकणं हेही प्रेमच असतं हे पुष्कळ वर्षांनी.’ हे सगळं लाल पेन्सिलीत जाणारं. पहिल्या खर्ड्यात बहुधा हे सांगणारी मुलगी, नंदा, मैत्रिणीला सांगेल, ‘बाबा खूप घाबरलेत गं.’ ते कापा. त्याऐवजी:

सीन १४. आत. स्वयंपाकघर. पहाट.
बाबा खाकी शर्टाची बटणं लावताहेत. छातीवर बिल्ला नाही. नंदाची नजर कोनाड्याकडे जाते. बिल्ला तिथे, उलटा ठेवलेला. बाबा चपला घालून दाराशी जातात.
नंदा: बाबा.
बाबा थांबतात. वळत नाहीत. नंदा डबा पुढे करते.
नंदा: भाजी जरा तिखट झालीय.
बाबा डबा घेऊन जातात. आतल्या खोलीत आईची कूस बदलल्याची चाहूल. नंदा पटकन बिल्ला उचलते, कंपासपेटीत टाकते, दप्तर बंद करते.

पाऊण मिनिटाचा सीन. ‘भीती’ आणि ‘प्रेम’ हे शब्द गेले, पण नंदा आता बाबांच्या खोटेपणात सामील झाली. कळतं होणं पडद्यावर असंच दिसतं: मूल काहीतरी करतं, आणि ते केल्यावर आधीसारखं राहत नाही. मात्र एवढ्यावर काम संपत नाही. बिल्ला हा कंडक्टरसाठी काय असतो हे आधी पेरलेलं हवं. सीन ३ मध्ये बाबा तो चिंचेने घासून लखलखीत करताना दिसले पाहिजेत, आणि तिथे त्याबद्दल कुणी काही बोलता कामा नये. पुढे भूमितीच्या तासाला कंपासपेटी उघडायची वेळ येणारच आहे. ही वस्तू मूळ पुस्तकात नसेलही. मग शोधा. तुमचंच पुस्तक आहे, तुम्हाला परवानगी कुणाची लागत नाही, आणि लेखकाने स्वतः पटकथा लिहिण्याचा खरा फायदा एवढाच आहे.

वर्षं कापा

जॉन आयर्विंग यांची ‘द सायडर हाउस रूल्स’ १९८५ची. चित्रपट आला १९९९ साली. मध्ये दिग्दर्शक बदलत गेले, तीन जणांनंतर चौथे लासे हालस्ट्रॉम. आयर्विंग यांनी स्वतः पटकथा लिहिली, आणि तिला पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालं. त्यांनी काय कापलं ते पाहण्यासारखं आहे. कादंबरीतली मेलनी ही जबरदस्त मुलगी पूर्ण गेली. नायक होमरचा मुलगा एंजल आणि त्याच्याबरोबर पंधरा वर्षांचा काळ गेला. अनाथालयातून बाहेर पडणं आणि परतणं एवढं राहिलं.

आपल्याकडे कुमारवयाच्या गोष्टीला शाळेचं एक वर्ष हा आयता साचा मिळतो: जूनमधली नवी पुस्तकं, गणपती, सहामाही, दिवाळीची सुट्टी, गॅदरिंग, वार्षिक परीक्षा, निकाल. चौथीपासून दहावीपर्यंत पसरलेल्या कादंबरीतले प्रसंग नववीच्या एका वर्षात बसतात का ते आधी पाहा. बसत नसतील तर किंमत मोजून ठेवा. आठ ते सोळा वर्षं दाखवायची तर एकाच भूमिकेसाठी दोन किंवा तीन मुलं लागतात. त्यांचे चेहरे जुळवावे लागतात, आणि प्रत्येक बदलाला प्रेक्षक पाच मिनिटं दूर जातो. दोन वर्षांची उडी असेल तर एकच मूल चालवता येतं. केस आणि गणवेशाची लांबी पुरते.

दोन तासांच्या चित्रपटात ६० ते ८० सीन मावतात. पुस्तकातल्या घटना मोजा, दीडशे-दोनशे निघतील. कपाटकाळातली कार्डं आधी लावा, त्यांच्यामध्ये फक्त जोडणारे प्रसंग घाला. आवडते पण न जोडणारे प्रसंग वेगळ्या पाकिटात ठेवा. त्यातले दोन-तीन शेवटी परत येतात.

मध्यंतराचा विचार कार्डं लावतानाच करा. परदेशी पटकथेच्या पुस्तकांत मध्यंतर नसतं, आपल्या चित्रपटगृहात असतं. पन्नास ते साठ मिनिटांच्या दरम्यान मुलाने पहिल्यांदा असं काहीतरी करावं ज्याचा दोष मोठ्यांवर ढकलता येणार नाही: पैसे घेतले, चिठ्ठी फाडली, मित्राला एकटं सोडलं. मध्यंतर अपघातावर किंवा मोठ्यांच्या भांडणावर ठेवलं तर उत्तरार्धात मूल नुसतं बघ्या होऊन बसतं.

निवेदन किती?

लेखकांना निवेदन सोडवत नाही, कारण त्यांची भाषा तिथेच राहते. कसोटी सोपी आहे. निवेदन झाकून सीन वाचा. तरी कळत असेल तर निवेदन काढा. कळत नसेल तर सीन दुरुस्त करा. दोन्हींतूनही तगून राहणारं निवेदन चालतं ते एकाच प्रकारचं: त्या वयातलं, चुकीचं, आत्मविश्वासाने केलेलं. ‘बाबा साहेबांशी भांडून आले, आता साहेबच घाबरणार’ असं नंदा म्हणते आणि चित्रात भलतंच दिसतं, तेव्हा निवेदन पैसे वसूल करतं. पन्नाशीतल्या नंदाचा शहाणा आवाज तेच चित्र समजावून सांगू लागला की प्रेक्षक विचार करणं सोडतो.

पानं आणि मिनिटं

इंग्रजी पटकथेत ठरलेल्या मांडणीचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. देवनागरीला हा हिशोब लावू नका. फॉन्ट, ओळींतलं अंतर आणि दोन रकान्यांची जुनी मराठी मांडणी यांनी तो बिघडतो. स्वतःचा गुणक काढा. वेगवेगळ्या जागची दहा पानं निवडा, घड्याळ लावून मोठ्याने वाचा, आणि ‘नंदा जिना चढते’ अशा जागी डोळे मिटून खरंच तेवढा वेळ थांबा. दहा पानांना १३ मिनिटं लागली तर ९० पानांचे ११७ मिनिटं. लेखक स्वतःच वाचतो तेव्हा घाईत वाचतो, म्हणून हे काम दुसऱ्याला द्या.

पहिल्या खर्ड्यानंतर १३ ते १५ वयाची चार-पाच मुलं जमवून संवाद वाचून घ्या. त्यांना ‘आवडलं का?’ विचारू नका. कुठे जीभ अडखळते, कुठे हसू येतं, कुठे शब्द बदलून वाचतात तेवढंच टिपा. गोष्ट १९८०च्या दशकातली असेल तर आजच्या मुलांचे शब्द घ्यायचे नाहीत, पण वाक्याची लांबी घ्या. चौदा वर्षांचा मुलगा तीन उपवाक्यांत बोलत नाही. तसं बोलत असेल तर तो तुम्ही आहात. बोली सोलापूरची, मालवणची की नागपूरची हे ठरवून सगळ्या संवादांतून एकदा त्या भागातल्या माणसाकडून हात फिरवून घ्या.

शिव्यांची दोन रूपं लिहून ठेवा, एक खरं आणि एक सौम्य. चित्रपट कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्राच्या ७+, १३+ आणि १६+ अशा पायऱ्या आल्या आहेत. चौदा वर्षांच्या मुलांची गोष्ट ‘ए’ प्रमाणपत्रात अडकली तर ज्यांच्याबद्दल ती आहे त्यांनाच थिएटरात शिरता येत नाही.

मुलं किती तास मिळणार

पटकथाकाराने हा विचार करायचा नसतो असं समजणं महागात पडतं. बालकामगार नियमांतल्या २०१७च्या दुरुस्तीप्रमाणे १४ वर्षांखालच्या कलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाच्या मिळकतीतले किमान २० टक्के त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावे लागतात.

आता ७० सीनपैकी ६५ मध्ये नंदा असेल तर पाच तासांत दिवसाला दोन सीन होतात, म्हणजे ३३ दिवस, म्हणजे मध्ये खंड घेणं भाग. सगळं मुलाच्याच नजरेतून दाखवायचा तुमचा कलात्मक हट्ट असेल तर त्याची किंमत ही आहे. ती द्यायची नसेल तर आई-बाबांचे दहा सीन नंदाशिवाय लिहा, आणि लगेच तक्त्याकडे परत जा, कारण प्रेक्षक आता तिच्या पुढे गेला. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी तेराची म्हणून घेतली तर हे नियम लागू होत नाहीत, पण लहान वर्गमित्रांच्या घोळक्यात ती उंच दिसते आणि सगळ्या फ्रेम त्याप्रमाणे बांधाव्या लागतात.

वर्ग रिकामे मिळतात मे महिन्यात आणि दिवाळीत. पाऊस असतो जून ते सप्टेंबर. पावसातल्या भरल्या वर्गाचे पाच सीन लिहिलेत तर बंद पडलेली शाळा शोधावी लागेल किंवा रविवार गाठावे लागतील. एखादाच पावसाचा सीन ठेवा आणि तो व्हरांड्यात ठेवा.

दिग्दर्शकाच्या हातात देताना

पटकथा देताना पुस्तकाची प्रत बरोबर देऊ नका. दिग्दर्शकाने आधीच वाचलं असेल तर गोष्ट वेगळी, पण ‘पुस्तकात हे छान स्पष्ट केलंय’ हे तुमच्या तोंडून जाता कामा नये. पटकथेत नसेल तर ते नाही.

मूळ गोष्टीतला कोणता बदल चालेल आणि कोणता नाही हे चर्चेआधी स्वतःशी ठरवा. चेतन भगत यांच्या २००८च्या ‘थ्री मिस्टेक्स ऑफ माय लाइफ’वरून २०१३ साली ‘काय पो छे’ आला. पटकथेत चौघांची नावं आहेत, त्यात त्यांचंही. पुस्तकाची ईमेलवरची चौकट त्यात गेली, आणि तीन मित्रांपैकी मरणारा मित्रच बदलला. घटना बदलली तरी तिघांच्या मैत्रीचं कोसळणं राहिलं. तुमच्या पुस्तकात तसं न बदलणारं काय आहे हे एका वाक्यात लिहून खिशात ठेवा. बाकीचं सोडायची तयारी हवी.

ती नसेल तर दुसऱ्याला लिहू देणं हाही शहाणा निर्णय आहे. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ची पटकथा अविनाश देशपांडे निगडी यांनी लिहिली, आणि रूपांतरित पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला. आणीबाणीच्या काळातली नववी, मुकुंदचं शिरोडकरभोवती घुटमळणारं मन, हे सगळं कादंबरीत निवेदनाच्या लयीवर चालतं. परक्या हाताला ती लय मोडायला संकोच वाटत नाही.

आवाजाची बाब करारात आणि वेळापत्रकात दोन्हीकडे लिहून घ्या. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज चित्रीकरण आणि डबिंग यांच्यामधल्या सहा महिन्यांत फुटतो, उंची वाढते, मिसरूड येतं. शक्य असेल तर चित्रीकरणातच आवाज घ्यावा. नाहीतर मुलांचं डबिंग संकलनाची वाट न पाहता चित्रीकरण संपल्यावर महिन्याभरात उरकावं, आणि निवेदन असेल तर त्याच वेळी, लागेल त्यापेक्षा दुप्पट मजकूर रेकॉर्ड करून ठेवावा.